यंत्र आणि गृहस्थ : आटे गेले म्हणजे ब्लॉक गेला काय ?

मोटारगाडी ही आतां मध्यम स्थितींतील कुटुंबांतही घरच्या माणसासारखी झाली आहे. तिला ताप आला कीं सर्व घर अस्वस्थ होतें. परंतु तिच्या दुखण्याचें निदान मात्र आपण डोळे मिटून परक्यावर सोंपवितों. वैद्यानें लिहून दिलेल्या औषधाचें नांव आपण दोनदां विचारून घेतों, पण “इंजिन बदलावें लागेल” असें मेकॅनिकनें सांगितलें असतां “कां?” एवढें विचारण्याचेंही धैर्य आपणांस होत नाहीं. याचें कारण उघड आहे. त्या विषयांतील चार शब्दही आपल्याजवळ नसतात. ते चार शब्द वाचकांच्या पदरीं घालावे, एवढाच या सदराचा हेतु आहे.

गेल्या महिन्यांत आमच्या एका वाचकांचें पत्र आलें. त्यांचे चिरंजीव अभियांत्रिकी महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षास आहेत. सुटींत घरीं आले असतां त्यांनीं गाडीचा पाण्याचा पंप स्वतःच्या हातानें बदलला. हा पंप ज्या बोल्टांनीं इंजिनाच्या ठोकळ्यास जखडलेला असतो, त्यांपैकीं एक बोल्ट शेवटचा पीळ देतांना एकाएकीं हलका लागूं लागला आणि मग नुसताच फिरत राहिला. बाहेर काढून पाहतात तों त्याच्याबरोबर तारेच्या वेटोळ्यासारखा पांढऱ्या धातूचा कीस निघाला. एका गॅरेजवाल्यानें सांगितलें कीं, आटे गेले, आतां ब्लॉकच बदलला पाहिजे. दुसऱ्यानें सांगितलें कीं, काळजी नको, लांबी भरून बोल्ट बसवून देतों. पहिल्याचा आंकडा ऐकून वाचकांची झोप उडाली, आणि दुसऱ्याच्या स्वस्ताईवर त्यांचा विश्वास बसेना. पत्राच्या शेवटीं ते लिहितात कीं, मुलानें यापुढें पान्यास हात लावूं नये, अशी त्यांनीं त्यास सक्त ताकीद दिली आहे.

या तीन गोष्टींपैकीं पहिल्या दोहोंचा विचार आधीं करूं, तिसरीचा मागाहून. उत्तर थोडक्यांत द्यावयाचें तर असें आहे कीं, ब्लॉक बहुधा गेलेला नाहीं. गेलेले आटे पुन्हां घालतां येतात, आणि नीट घातले तर ते मूळच्या आट्यांहून बळकट होतात. परंतु “नीट” या दोन अक्षरांत बरेंच कांहीं सांठविलेलें आहे. तें उलगडून सांगितल्यावांचून उत्तर पुरें होणार नाहीं.

आटा म्हणजे काय ?

कागदाचा काटकोन त्रिकोण कापून तो पेन्सिलीभोंवतीं गुंडाळावा. त्याची तिरपी बाजू पेन्सिलीवर वळसे घेत वर चढतांना दिसेल. हेंच मळसूत्र. घाटाचा रस्ता डोंगरास वळसे घालीत चढतो त्यांतील युक्ति आणि बोल्टांतील युक्ति एकच आहे : उभी चढण टाळावयाची आणि लांबची पण सोपी वाट धरावयाची. यांतील एका वळशास आपल्याकडील कारागीर आटा म्हणतात, हिंदी मुलखांतील कारागीर चूडी म्हणतात. बोल्ट पुरता एक फेरा फिरला म्हणजे जेवढा पुढें सरकतो, तेवढें दोन शेजारच्या आट्यांमधील अंतर असतें. त्यास पिच हें नांव आहे. “एम ८ × १.२५” असें वर्णन वाचलें तर बाहेरचा व्यास ८ मिलिमीटर आणि पिच १.२५ मिलिमीटर असा त्याचा अर्थ समजावा.

बोल्ट हा मोठ्या खिळ्यासारखा असतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नव्हे. बोल्ट ही एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. आवळतांना तो केसभर ताणला जातो, आणि पुन्हां आंखडण्याची त्याची जी ओढ, तिनेंच दोन भाग एकमेकांस धरून राहतात. ही ओढ केवढी असावी लागते, त्याचें एक उदाहरण घेऊं. ८० मि.मी. व्यासाच्या सिलिंडरांत पेट्रोल पेटतें त्या क्षणीं आंतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या ६० पट झाला असें धरलें, तर सिलिंडरवरील झांकण, म्हणजे ज्यास हेड म्हणतात तें, वर उचलूं पाहणारें बळ सुमारें ३ टन वजनाइतकें भरतें. इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असेल तर असा धक्का एकेका सिलिंडरांत मिनिटास १५०० वेळां बसतो. तेवढ्यानें हेड हलूं नये म्हणून तेथील एकेक बोल्ट तीन-चार टनांच्या ओढीनें ताणून ठेविलेला असतो.

ही सर्व ओढ अखेर कोणाच्या अंगावर पडते ? ब्लॉकच्या भोंकांत कोरलेल्या, मिलिमीटरभरही उंची नसलेल्या कंगोऱ्यांवर. आणि तीही सर्वांवर सारखी पडत नाहीं. बोल्ट ज्या बाजूनें शिरतो त्या बाजूचे पहिले दोन-तीन आटेच भाराचा मोठा वांटा उचलतात. तळाच्या आट्यांस फारसें काम नसतें. म्हणून आटे जातात तेव्हां ते एकदम सारे जात नाहींत. आधीं पहिला दबतो, त्याचा भार दुसऱ्यावर पडतो, मग तिसऱ्यावर. आणि शेवटीं सबंध मळसूत्र वेटोळें होऊन बोल्टाबरोबर बाहेर येतें. आमच्या वाचकांच्या घरीं निघालेला कीस तो हाच.

आटे कां जातात ?

पूर्वी इंजिनाचे ठोकळे बहुधा बिडाचे असत. बीड कठीण, त्याचे आटे सहसा सुटत नसत. पण बीड पाण्याच्या सात पटींहून जड, तर अॅल्युमिनियम पाण्याच्या पावणेतीन पट. गाडी हलकी झाली तर पेट्रोल कमी लागतें. म्हणून नव्या गाड्यांपैकीं पुष्कळांचे ब्लॉक अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. हा धातु मऊ आहे, आणि त्यांत फिरणारा बोल्ट मात्र कठीण पोलादाचा. मऊ आणि कठीण यांची झटापट झाली म्हणजे कोण हरावयाचा, हें सांगावयास नको. याच कारणास्तव पोलादांत बोल्ट त्याच्या व्यासाइतका खोल शिरला तरी पुरतो, तर अॅल्युमिनियमांत तो व्यासाच्या दीडपट ते दुप्पट खोल असावा लागतो.

दुसरें कारण उष्णतेचें. सारख्याच उष्णतेनें अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतें. १०० मि.मी. लांबीचा अॅल्युमिनियमचा भाग ८० अंशांनीं तापला तर तो सुमारें ०.१८ मि.मी. वाढतो, तेवढ्याच लांबीचा पोलादी बोल्ट ०.१० मि.मी. देखील वाढत नाहीं. हा फरक केसाच्या जाडीइतका; परंतु आधींच ताणलेल्या बोल्टास तो आणखी ताणतो. गाडी रोज तापते आणि रोज निवते. या रोजच्या ओढाताणीनें मऊ आटे हळूहळू झिजत आणि दबत जातात. त्यांत पाणी शिरलें तर पोलाद आणि अॅल्युमिनियम यांच्यामध्यें विद्युत्क्रिया सुरू होऊन अॅल्युमिनियम पांढऱ्या भुकटीच्या रूपानें खाल्लें जातें.

तिसरें कारण माणसाचा हात. आठ मिलिमीटरच्या अशा बोल्टास साधारणपणें २० ते २५ न्यूटन-मीटर एवढाच पीळ द्यावयाचा असतो. म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोंकास १० किलोचें ओझें टांगलें असतां जेवढा पीळ पडेल तेवढा. तरुण मनुष्य त्याच पान्यावर सहज ४० किलोचा जोर लावतो, म्हणजे हव्या त्याच्या चौपट. शिवाय, आपण लावलेल्या जोरापैकीं सुमारें एक दशांशच बोल्ट ताणण्याच्या कामीं येतो. निम्मा बोल्टाच्या डोक्याखालच्या घर्षणांत आणि बाकीचा आट्यांच्या घर्षणांत खर्च होतो. आटे कोरडे ठेवावे असें पुस्तकांत सांगितलें असतां त्यांस तेल लाविलें, तर घर्षण घटून तेवढ्याच जोरांत बोल्ट पुष्कळच अधिक ताणला जातो. सारांश, “हातास घट्ट लागलें” हें प्रमाण येथें मुळींच भरंवशाचें नाहीं.

चौथें कारण परका बोल्ट. इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४१ सालीं ५५ अंशांच्या कोनाचे आटे सुचविले. अमेरिकेंत विल्यम सेलर्स यांनीं १८६४ सालीं ६० अंशांचे. दुसऱ्या महायुद्धांत एका देशाचा बोल्ट दुसऱ्या देशाच्या यंत्रास बसेना, तेव्हां १९४८ सालीं इंग्लंड, अमेरिका आणि कॅनडा यांनीं ६० अंशांवर एकमत केलें. मेट्रिक आट्यांचा कोनही ६० अंशच आहे. पण कोन एक झाला तरी पिच निराळें असूं शकतें. दहा मिलिमीटरचे १.२५ पिचचा आणि १.५ पिचचा असे दोन बोल्ट नुसत्या डोळ्यांस जुळ्या भावांसारखे दिसतात. एकाच्या जागीं दुसरा घातला तर दोन-तीन फेरे हातानें जातो, मग अडतो. आणि अडला म्हणून पान्यानें रेटला कीं आटे कापले जातात.

हा अपघात नवशिक्यांच्याच हातून होतो असेंही नाहीं. जर्मनींतील पोर्श कंपनीनें ९११ या गाडीच्या इंजिनाची पेटी १९६८ च्या सुमारापासून मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची केली. हा धातु अॅल्युमिनियमहूनही हलका. पण १९७४ ते १९७७ या सालांतील मोठ्या इंजिनांत सिलिंडर धरून ठेवणाऱ्या दांड्या आट्यांसकट उपटून येऊं लागल्या, आणि पुढें कंपनी अॅल्युमिनियमकडे वळली. टोयोटा कंपनीच्या २.४ लिटरच्या एका इंजिनांत हेडाच्या मागल्या अंगाच्या बोल्टांचे आटे सुटून पाणी झिरपूं लागल्याच्या तक्रारी आल्या. नंतरच्या ब्लॉकमध्यें आट्यांची लांबी वाढविण्यांत आली. अमेरिकेंतील कॅडिलॅकच्या नॉर्थस्टार इंजिनाचीही अशीच कथा आहे. या सर्व इंजिनांतील हजारों ब्लॉक भंगारांत गेले नाहींत. त्यांचे आटे नव्यानें घातले गेले आणि गाड्या पुन्हां रस्त्यावर आल्या. तो उपाय कोणता, तें आतां पाहूं.

उपायांची उतरंड

आपल्या जुन्या शल्यतंत्रांत शस्त्रकर्माचे तीन भाग मानले आहेत : पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म. या कामासही ती वांटणी उत्तम लागू पडते. मात्र शस्त्र उचलण्यापूर्वीं शस्त्राची गरज आहे कीं नाहीं, हें ठरविलें पाहिजे.

आटे नुसते मळलेले किंवा तोंडाशीं किंचित् चेपलेले असतील तर कापण्याची गरजच नाहीं. आटे साफ करण्याचें एक हत्यार मिळतें. तें न मिळाल्यास त्याच मापाच्या चांगल्या बोल्टास लांबीच्या दिशेनें दोन-तीन खांचा पाडून तो तेल लावून हलक्या हातानें भोंकांत फिरवावा. खांचांत मळ सांठतो आणि चेपलेले आटे सरळ होतात. या कामीं नवे आटे पाडण्याचा धारदार टॅप घालूं नये. तो मळाबरोबर चांगला धातूही कापून नेतो.

वरचे आटे गेले असून भोंक खोल असेल आणि तळचे आटे शाबूत असतील, तर कधीं कधीं थोड्या अधिक लांबीच्या बोल्टानें काम भागतें. पण तो तळास टेंकतां कामा नये. टेंकला तर बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि पंप मात्र सैलच राहतो.

भोंक मोठें करून त्यांत मोठा बोल्ट घालणें हा जुना गांवठी उपाय आहे. शेतावरच्या पंपास तो चालून जातो. मोटारीच्या इंजिनांत मग पंपाचें, झांकणाचें, गॅस्केटचें अशीं सारींच भोंकें मोठीं करावीं लागतात, आवळण्याचें प्रमाण बदलतें, आणि पुढच्या मेकॅनिकास तो एक बोल्ट निराळा कां, हें कळत नाहीं.

आतां लांबीविषयीं. दोन डबींतील द्रव्यें मिसळून भोंकांत भरावयाचीं, त्यांत बोल्ट रोवावयाचा, आणि वाळल्यावर आटे तयार होतात, असा हा प्रकार आहे. पत्र्याचें झांकण किंवा तारांची पकड धरणाऱ्या बोल्टास तो पुरतो. जेथें उष्णता, पाणी आणि ताण हीं तिन्ही एकत्र येतात, तेथें तो वापरणें म्हणजे भिंतीच्या चिरेंत कागद कोंबून वर चुना फांसणें होय. पाण्याच्या पंपाचा बोल्ट प्रवासांत सुटला तर पाणी जातें, इंजिन तापतें, हेड वांकडें होतें, आणि शंभर रुपये वांचविण्याच्या नादांत खरोखरीच ब्लॉक गमावण्याची पाळी येते.

खरा उपाय म्हणजे भोंकाला नवी पोलादी आंतरपाट देणें. तिचे मुख्य दोन प्रकार आहेत. एक तारेच्या गुंडाळीचा. त्यास बाजारांत हेलिकॉइल म्हणतात. कठीण, न गंजणाऱ्या पोलादाच्या चौकट-तिरप्या तारेची ही स्प्रिंगसारखी गुंडाळी असते. तिच्या बाहेरच्या अंगानें ब्लॉकचे नवे मोठे आटे धरले जातात आणि आंतल्या अंगीं मूळच्याच मापाचे आटे मिळतात. मोकळी असतां ती भोंकाहून किंचित् मोठी असते. बसवितांना हत्यार तिला पिळून लहान करतें, आणि सोडली कीं ती फुलून भोंकांत घट्ट बसते. दुसरा प्रकार भरीव बुशाचा. ही पातळ भिंतीची पोलादी नळी असते. तिला आंतबाहेर आटे असतात. कांहींस वर कांठ असतो, तो खाली घसरूं देत नाहीं. शेवटचे आटे बसवितांना बाहेर दाबले जातात आणि नळी कायमची अडकते. बोल्ट वरचेवर काढावा लागत असेल किंवा हेडाचा असेल तर बुश अधिक भरंवशाचा. इतर ठिकाणीं गुंडाळी उत्तम आणि स्वस्त.

दुरुस्त केलेलें भोंक मूळच्याहून बळकट कसें, हा प्रश्न येथें कोणीही विचारील. आठ मिलिमीटरच्या बोल्टाची गुंडाळी बसविण्यासाठीं ब्लॉकमध्यें जे आटे पाडतात, त्यांचा बाहेरचा व्यास सुमारें ९.६ मि.मी. होतो. म्हणजे भार झेलणारा मऊ धातूचा परीघ पूर्वीच्या सुमारें १.२ पट झाला. शिवाय बोल्ट आतां पोलादावर घासतो, अॅल्युमिनियमवर नव्हे; आणि लवचिक गुंडाळी पहिल्या दोन-तीन आट्यांवरचा भार पुढील आट्यांतही थोडा वांटून देते. म्हणूनच विमानांच्या हलक्या धातूच्या भागांत नव्या कोऱ्या भोंकांनाही आधींच अशा गुंडाळ्या घालतात.

पूर्वकर्म

सुश्रुतमतानें शरीरांत १०७ मर्में आहेत, आणि तीं ठाऊक असल्यावांचून शस्त्र चालवूं नये असा दंडक आहे. ब्लॉकलाही मर्में असतात. भोंकाच्या आसपास कोठें पाण्याची वाट असते, कोठें तेलाची नळी, कोठें सिलिंडरची भिंत. मूळ भोंक किती खोल आहे तें बारीक काडी घालून मोजावें, आणि ड्रिलवर तेवढ्याच मापावर कडी किंवा चिकटपट्टी लावावी. भोंकाभोंवतीं चीर नाहीं ना, हें भिंगानें पाहावें. चीर असेल तर पुढील सर्व विचार थांबवावा. तें काम निराळ्या कारागिराचें आहे, आणि अशा वेळीं ब्लॉक बदलण्याचा सल्ला खराही असूं शकेल.

आसपासचीं भोंकें स्वच्छ कापडानें बुजवावीं. धातूचा एक कण तेलाच्या वाटेंत गेला तर तो बेअरिंगांचा नाश करतो. अशा वेळीं आट्यांची दुरुस्ती साधली आणि इंजिन गेलें, असें व्हावयाचें.

प्रधानकर्म

यांतील सारें यश एका शब्दांत आहे : सरळपणा. भोंक एक-दोन अंशांनीं जरी कललें तरी बोल्टाचें डोकें एका कडेवर टेंकतें आणि बोल्ट वांकतो. म्हणून हातांत धरलेल्या यंत्रानें अंदाजानें ड्रिल मारणारा कारागीर पाहिला तर त्यास नम्रपणें थांबवावें. चांगला कारागीर ब्लॉकवर जाड पट्टी जखडतो आणि तिच्यांतील सरळ भोंकांतून ड्रिल उतरवितो. हेडाच्या बोल्टांस तर याखेरीज दुसरी वाट नाहीं.

आठ मिलिमीटरच्या गुंडाळीस सुमारें ८.३ ते ८.४ मि.मी. चें ड्रिल लागतें. नेमका आंकडा संचाबरोबरच्या कागदावर असतो व तोच मानावा. मग त्या गुंडाळीचाच खास टॅप घ्यावा. साधा टॅप येथें चालत नाहीं, कारण व्यास निराळा. ड्रिलला आणि टॅपला ग्रीस फांसावें म्हणजे कीस त्यास चिकटून वर येतो. अॅल्युमिनियम कापतांना जुने फिटर रॉकेलचा थेंब सोडतात, तोही चांगला. टॅप अर्धा फेरा पुढें न्यावा आणि पाव फेरा मागें घ्यावा; मागें घेतल्यानें कीस तुटतो. जड लागूं लागला तर रेटूं नये, बाहेर काढून पुसावा. टॅप फार कठीण पण कांचेसारखा ठिसूळ असतो. तो भोंकांत तुटला तर साध्या ड्रिलनें निघत नाहीं. विजेच्या ठिणग्यांनीं धातु खाणाऱ्या यंत्राचें दार ठोठवावें लागतें.

नंतर भोंक निर्मळ करावें. वाऱ्याचा झोत मारतांना डोळ्यांस चष्मा असावा, आणि भोंकावर कापड धरावें. मग गुंडाळी हत्यारावर चढवून, दाबून नव्हे तर फिरवून, आंत उतरवावी. ती पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खालीं राहिली पाहिजे. तिच्या तळाशीं हत्यारानें पकडण्यासाठीं एक आडवी शेपटी असते. ती काडीनें ठोकून तोडावी आणि तुकडा चिमट्यानें किंवा चुंबकानें शोधून बाहेर काढावा. न गंजणारें पोलाद चुंबकास नीट लागत नाहीं, म्हणून चिमटाच बरा. तुकडा हातांत आल्याखेरीज पुढें जाऊं नये.

पश्चात्कर्म

भोंक पाण्याच्या वाटेंत उघडत असेल तर आट्यांस सील करणारें द्रव्य लावावें लागतें. भोंक आंधळें, म्हणजे तळ बंद असलेलें असेल, तर त्यांत तेल अगर पाणी सांठूं देऊं नये. द्रव दबत नाहीं. बोल्ट खालीं उतरला कीं तो द्रव कोंडला जाऊन ब्लॉकलाच चीर पाडूं शकतो. नंतर नवा बोल्ट प्रथम बोटांनीं निदान चार-पांच फेरे जातो कीं नाहीं तें पाहावें. बोटांनीं जात नसेल तर पाना लावूं नये. सर्व बोल्ट समोरासमोरच्या क्रमानें, दोन-तीन टप्प्यांत, माप दाखविणाऱ्या टॉर्क पान्यानें आवळावे. हेडाचे बोल्ट पुष्कळ गाड्यांत एकदां ताणले कीं पुन्हां वापरावयाचे नसतात. तेथें काटकसर करूं नये.

आणखी एक. हेडाच्या एका बोल्टाचे आटे उष्णतेनें गेले असतील तर त्याचे शेजारीही त्याच वाटेवर असतात. हेड एकदां काढलें आहे तों सर्वच भोंकांस बुश घालून घेणें शहाणपणाचें. पंपाच्या बोल्टाचे आटे मात्र जोरानें गेले असले तर तेवढेंच भोंक दुरुस्त करावें.

चिरंजीवांविषयीं

आतां पत्रांतील तिसरी गोष्ट. वाचक महाशय, आपला मुलगा पुस्तकांतून यंत्रशास्त्र शिकत आहे. बोल्टाची ओढ, घर्षण, धातूंचें फुगणें हे सारे विषय त्याच्या परीक्षेस असणार, आणि त्यांत त्यास चांगले गुणही मिळत असतील. परंतु आठ मिलिमीटरचा बोल्ट किती आवळला म्हणजे पुरे, हें त्याच्या मनगटास कोणी शिकविलें आहे ? आपल्या घरांत व्याकरण, गणित आणि संगीत गुरूपुढें बसून शिकविण्याची चाल आहे. हाताचें काम मात्र मुलानें आपोआप शिकावें, आणि चुकला तर सोडून द्यावें, अशी अपेक्षा. गाणाऱ्या मुलाचा स्वर चुकला म्हणून कोणी तंबोरा माळ्यावर टाकीत नाहीं.

आमची विनंती अशी आहे कीं, ताकीद मागें घ्यावी आणि हीच दुरुस्ती त्याच्याच समोर करवून घ्यावी. एखाद्या चांगल्या टर्नर किंवा फिटरच्या हाताखालीं त्यानें दोन सुट्या काढाव्या. भंगारांत अॅल्युमिनियमचा तुकडा मिळतो. त्यांत दहा भोंकें पाडून, आटे घालून, मुद्दाम जास्त आवळून तोडून पाहावे. कोणत्या क्षणीं पान्याखालचा बोल्ट “सुटूं” लागतो, हें एकदां हातास कळलें कीं तें जन्मभर विसरत नाहीं. शिवाय त्यास एक टॉर्क पाना घेऊन द्यावा. त्यानें केलेली चांगली गोष्टही लक्षांत घ्यावी : बोल्ट फिरूं लागतांच तो थांबला, लपवाछपवी न करतां घरांत सांगितलें, आणि निघालेला कीस जपून ठेवला. कीस पाहिला नसता तर निदान करणेंच कठीण झालें असतें.

गॅरेजांत विचारावयाचे प्रश्न

आतां गाडी घेऊन तिसऱ्या गॅरेजांत जावें, आणि काम सांगण्यापूर्वीं पुढील चार प्रश्न शांतपणें विचारावे. भोंकांत गुंडाळी घालणार कीं बुश, आणि कां ? ड्रिल सरळ राहावें म्हणून काय योजना आहे ? कीस आंत जाऊं नये म्हणून काय करणार ? आणि शेवटीं बोल्ट टॉर्क पान्यानें, गाडीच्या पुस्तकांतील आंकड्याप्रमाणें आवळणार ना ? ज्या कारागिरास हें काम येतें, तो या प्रश्नांनीं रागावत नाहीं. उलट खूष होऊन दोन गोष्टी जास्त सांगतो. जो रागावेल, त्यास नमस्कार करून बाहेर पडावें. काम झाल्यावर बिलावर गुंडाळीचें माप, कोणतें भोंक आणि तारीख लिहून घ्यावी, आणि तो कागद गाडीच्या पुस्तकांत ठेवावा. पुढें दुसरा मेकॅनिक तो बोल्ट काढील तेव्हां त्यास तो कागद उपयोगी पडेल.

एक ब्लॉक ओतावयास किती विस्तव आणि किती धातु लागतो याचा विचार केला, तर एका भोंकासाठीं तो भंगारांत घालणें हा नुसत्या पैशाचाच अपव्यय नव्हे. देवळाची एक पायरी खचली म्हणून आपण देऊळ पाडीत नाहीं, जीर्णोद्धार करतों.

पुढील अंकीं याच ब्लॉक आणि हेड यांच्यामध्यें बसणाऱ्या गॅस्केटचा विचार करूं. तत्पूर्वीं वाचकांनीं आपापल्या गाडीचें पुस्तक शोधून ठेवावें. पुष्कळांच्या घरीं तें अद्याप प्लॅस्टिकच्या पिशवींतून बाहेर निघालेलें नसेल.